लिहिणारे यंत्र, वाचणारा माणूस

सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यातल्या सरकारी अभिलेख कक्षांत एकाएकी वर्दळ वाढली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. नांदेड, लातूर आणि इतर जिल्ह्यांतून निजामकाळातले जुने बस्ते सुटू लागले. त्या नोंदींचे राजकारण हा आजच्या बोलण्याचा विषय नाही. त्या दिवसांत एक वेगळीच गोष्ट लक्षात आली, तिच्याविषयी बोलायचे आहे. कागद शाबूत होते, शिक्केही दिसत होते. पण पुष्कळशा नोंदी उर्दूत किंवा मोडीत होत्या, आणि त्या वाचणारी माणसे शोधावी लागत होती.

आपल्या भागाचा इतिहास पाहिला तर यात नवल नाही. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मोडीही चालत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कारभार मराठीत आला, देवनागरीत आला. हे व्हायलाच हवे होते. तहसील, दस्तऐवज, वारस, तारीख, हुकूम हे शब्द मराठीत राहिले, पण ते ज्या लिपीत लिहिले जात होते ती लिपी कचेरीतून गेली. दोन पिढ्यांत असे झाले की आजोबांच्या नावाचा कागद नातवाच्या हातात आहे, आणि नातू पदवीधर असूनही त्याला तो वाचता येत नाही.

त्यातही सरकारी कारकुनांची उर्दू बहुधा शिकस्ता वळणाची. शिकस्ता म्हणजे मोडलेली. घाईने लिहिणारा कारकून नुक्ते गाळतो, अक्षरे एकमेकांत मिसळतो. उर्दूत तर नुक्त्याला फार मोल. ‘दुआ’ आणि ‘दगा’ या दोन शब्दांत लिहिताना फरक असतो तो एका नुक्त्याचा. एक टिंब इकडेतिकडे झाले की आशीर्वादाचा विश्वासघात होतो. म्हणून लिपी ओळखून भागत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हेही समजावे लागते.

आता मी जे सांगणार आहे ते संगणकाविषयी आहे. सध्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजारे करू लागली आहेत. नांदेड-लातूरच्या किती तरी घरांतली मुले-मुली याच धंद्यावर पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात आणि परदेशात पोट भरतात. त्यांचे पुढे काय होणार, असा प्रश्न घराघरांत आहे. मी कवितेचा माणूस, यंत्राचा नव्हे. पण लिहिणे आणि वाचणे हा माझाही विषय आहे. आणि मला वाटते, बस्त्यांतल्या त्या कागदांनी या प्रश्नाची अर्धी बाजू आपल्याला आधीच शिकवली आहे.

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची यादी. अमुक आकडा घे, त्यात तमुक मिळव, उत्तर शून्याहून कमी आले तर थांब. या यादीतही नुक्त्याचे महत्त्व आपल्या उर्दूइतकेच. २२ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने शुक्र ग्रहाकडे मरिनर-१ नावाचे यान सोडले. एका उपकरणातल्या बिघाडाच्या जोडीला, मार्गदर्शनाच्या सूचनांत एक छोटी रेघ लिहायची राहून गेली होती. यान भरकटू लागले आणि उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत ते जाणूनबुजून नष्ट करावे लागले.

अशा सूचना सुरुवातीला माणसाला यंत्राच्या आकडेरी भाषेत लिहाव्या लागत. हे काम इतके किचकट की ते यंत्राकडूनच करून घ्यावे, असा विचार फार लवकर सुरू झाला. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर या गणिती बाईंनी ए-झिरो नावाची व्यवस्था तयार केली. माणसाने थोडक्यात लिहावे आणि यंत्राने त्याचा यंत्रभाषेत विस्तार करावा, अशी तिच्यामागची कल्पना. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या तुकडीने फोरट्रान ही भाषा दिली. गंमत अशी की तिचे वर्णनच मुळी ‘स्वयंचलित कोडिंग’ असे केले गेले. आता सूचना लिहिण्याची आणि त्यातल्या चुका शोधण्याची कटकट जवळजवळ संपेल, अशी आशा त्या तुकडीने १९५४ च्या आपल्या अहवालात व्यक्त केली होती. मग १९५९-६० मध्ये कोबोल आली. तिच्यातली वाक्ये साध्या इंग्रजीसारखी. व्यवस्थापकालाही वाचता यावीत असा हेतू. १९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स मार्टिन यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट विदाउट प्रोग्रॅमर्स’ असे होते. प्रोग्रॅमरांशिवाय प्रोग्रॅम!

म्हणजे ‘आता प्रोग्रॅमरची गरज उरणार नाही’ हे भाकीत काही आजचे नाही. सत्तर वर्षांत ते वरचेवर ऐकू आले आहे. प्रत्येक वेळी झाले उलटेच. लिहिणे सोपे झाले, म्हणून जास्त प्रोग्रॅम लिहिले गेले. जास्त लिहिले गेले, म्हणून ते सांभाळणारी माणसे जास्त लागली. हा इतिहास आपल्या अंगणातही घडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफरॅक हा संगणक १९६० साली चालू झाला. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. १९८१ साली इन्फोसिसचा जन्म पुण्यात झाला. त्याच १९८१ मध्ये नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. पण मराठवाड्यातल्या साध्या घरातला मुलगा या धंद्यात मोठ्या संख्येने शिरला तो १९९० नंतर, आणि त्याला कारण झाले एक जुने दुखणे.

जुन्या काळी संगणकाची स्मृती फार महाग. म्हणून लिहिणाऱ्यांनी साल चार आकड्यांऐवजी दोनच आकड्यांत लिहिले. १९७२ ऐवजी ७२. ‘दोन हजार साल उजाडेपर्यंत हे प्रोग्रॅम थोडेच चालणार आहेत,’ असा त्यांचा हिशेब. पण ते चालत राहिले. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती त्यांच्यावरच उभी होती. १९९५ नंतर सगळ्यांना घाम फुटला. सन २००० आले की यंत्र त्याला १९०० समजणार! आणि लिहिणारे तर निवृत्त झालेले, काही वारलेले. तेव्हा हिंदुस्थानातल्या तरुणांना बोलावणे आले. अमेरिकेने १९९८ साली कायदा करून अशा कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजार केली. या मुलांनी तिथे काय केले? नवे फारसे काही लिहिले नाही. दुसऱ्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोबोलच्या लाखो ओळी वाचल्या, त्यात तारीख कुठे कुठे लपली आहे ते शोधले आणि दुरुस्त केले. आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाला जगात जी ओळख मिळाली, तिचा मोठा वाटा वाचण्याच्या कामातून आला. ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही, पण ती अभिमानाने सांगावी अशी आहे.

हे दुखणे तिथेच संपले असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हा न्यूजर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे कोबोल जाणणाऱ्यांना मदतीची हाक दिली. त्यांची अवस्था आपल्या अभिलेख कक्षासारखीच झाली होती. कागद आहे, वाचणारा हवा.

आता आजच्याकडे वळू. जून २०२१ मध्ये कोपायलट नावाचे अवजार आले. प्रोग्रॅमर एक ओळ लिहू लागला की पुढच्या ओळी ते सुचवते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. त्यानंतरच्या अवजारांना तर साध्या भाषेत ‘मला असे असे हवे आहे’ म्हटले की ती पूर्ण प्रोग्रॅम लिहून, चालवून, चुका दुरुस्त करून देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी या नामवंत तज्ज्ञाने ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द काढला. यंत्र लिहील, आपण फक्त हवे ते सांगत जावे, आतले लिखाण आहे हे विसरूनच जावे, अशी ती पद्धत. हौसेच्या छोट्या कामासाठी ते ठीक आहे, असे त्यांनीच म्हटले होते. पण शब्द सुटला की तो कुठे जाईल हे कवीलाही सांगता येत नाही, तिथे संशोधकाचे काय!

माझ्या एका मित्राचा मुलगा लातूरला बारावी आणि नांदेडला अभियांत्रिकी करून गेली बारा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्याला मी विचारले, ही अवजारे चांगली की वाईट? तो म्हणाला, “चाचा, रोज वापरतो. रटाळ काम तासाभरात होते, पूर्वी दोन दिवस जायचे. आता ते सोडून द्या म्हणालात तर मी सोडणार नाही.” मग थोडा थांबून म्हणाला, “पण पूर्वी मी लिहायचो आणि वाचायचो. आता ते लिहिते आणि मी नुसता वाचतो. दिवसाला हजारो ओळी. आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचणे हे स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड असते. संध्याकाळी डोळे थकतात आणि मी ‘ठीक आहे’ म्हणून पुढे ढकलतो. भीती वाटते ती त्या ‘ठीक आहे’ची.”

त्याचे दुसरे म्हणणे आजच्या सॉफ्टवेअरविषयी होते. हल्ली कोणी प्रोग्रॅम पायापासून बांधत नाही. दुसऱ्याच्या मजल्यावर आपला मजला, त्यावर तिसऱ्याचा. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने आपली अवघ्या अकरा ओळींची सूचनावली इंटरनेटवरच्या सामायिक भांडारातून काढून घेतली, तर जगभरातल्या हजारो प्रकल्पांचे काम अडले. कित्येकांना आपण त्या अकरा ओळींवर उभे आहोत हेच ठाऊक नव्हते. “आता यंत्र तर दिवसात दहा मजले चढवते,” तो म्हणाला, “खालचा मजला कोणी तपासला, हे विचारायला वेळ कोणाला आहे?”

त्याचे बोलणे एकट्याचे नाही. २०२५ साली मेटर या अमेरिकी संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांकडून २४६ कामे करून घेतली. काही या अवजारांसह, काही त्यांच्याशिवाय. अवजारांमुळे आपण वीस टक्के लवकर काम केले, असे त्यांना वाटत होते. घड्याळाप्रमाणे त्यांना एकोणीस टक्के जास्त वेळ लागला होता. हा प्रयोग लहान होता, आणि अवजारे त्यानंतर पुढे गेली आहेत; तेव्हा या आकड्याला ब्रह्मवाक्य समजू नये. पण काम सोपे वाटणे आणि सोपे होणे यांत अंतर असते, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

इथे माझ्या परिचयाच्या एका जुन्या धंद्याची आठवण येते. उर्दू वर्तमानपत्रे पूर्वी छापली जात ती कातिबांच्या हस्ताक्षरात. कातिब बोरूने पूर्ण अंक लिहून काढी. १९८१ च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालिक हा संगणकीय टंक तयार झाला आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत कातिबांचे काम गेले. ते दुःख खरे होते. ज्याचा हात हीच ज्याची रोजी, त्याला इतिहासाचे दाखले देऊन समाधान होत नाही. तरीही उर्दू वर्तमानपत्र बंद पडले नाही, कारण सकाळी ते उघडून वाचणारे शाबूत होते. मराठवाड्याच्या कचेऱ्यांत मात्र उलटे झाले. तिथे लिहिलेले टिकले आणि वाचणारे गेले, म्हणून कागद मुके झाले. लिहिणारा हात बदलला तरी निभावते. वाचणारा संपला की निभावत नाही.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ साली हेच आपल्या शास्त्राच्या भाषेत सांगितले. त्यांच्या मते प्रोग्रॅम म्हणजे कागदावरच्या ओळी नव्हेत. तो असा का लिहिला, याची करणाऱ्यांच्या मनात असलेली समज हाच खरा प्रोग्रॅम. ती माणसे पांगली की ओळी शिल्लक राहिल्या तरी प्रोग्रॅम मेला. आजचा नवा प्रश्न असा की यंत्राने लिहिलेल्या ओळींमागची समज मुळात कोणाच्या मनात तयारच होत नसेल तर? निजामकाळातला कागद निदान एकेकाळी कोणी तरी वाचू शकत होता. हा कागद जन्मापासूनच न वाचलेला.

यात सामान्य माणसाचे काय जाते, असे कोणी विचारील. इंग्लंडमध्ये टपाल खात्याने होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली. यंत्र चुकणार नाही, म्हणजे माणूसच चोर, असे धरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उप-डाकपालांना दोषी ठरवले गेले. काहींना तुरुंग भोगावा लागला, काहींनी जीव दिला. दोष प्रणालीत होता. २०२४ साली तिथल्या संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन याद्यांमधल्या घोळाने किती गदारोळ झाला, हे शेतकरी विसरलेले नाहीत. २०१८ पासून सातबारा डिजिटल सहीचा मिळतो, २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवर होते. ही सोय मोठी आहे, खेटे वाचले. पण उदगीरच्या किंवा कंधारच्या शेतकऱ्याचे क्षेत्र पडद्यावर चुकीचे दिसले, तर ‘सिस्टीममध्ये असेच आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. ती सिस्टीम उघडून, वाचून, ‘चूक इथे आहे’ म्हणणारा माणूस कुठे तरी बसलेला हवा.

असा माणूस काय करू शकतो, त्याचे एक उदाहरण देतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्याने दुर्लक्ष केले असते. त्याने खोदत जाऊन शोधले, तर जगभर वापरल्या जाणाऱ्या एका सामायिक प्रोग्रॅममध्ये कोणी तरी चोरदरवाजा बसवला होता. तो जगभर पसरण्याआधीच पकडला गेला. हे पकडले नीट पाहणाऱ्या, नीट वाचणाऱ्या माणसाने.

आता आपल्या मुलांविषयी. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ हे आहे, असे कंपनीने सांगितले. पण पालकांची झोप उडायची ती उडालीच. नवशिक्यांना पूर्वी जी छोटी कामे देऊन शिकवले जाई, नेमकी तीच कामे यंत्र आधी उचलते. ही अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आज जो अनुभवी डोळ्याने यंत्राची चूक पकडतो, तो कधी काळी छोट्या चुका करतच शिकला. नवशिके आतच घेतले नाहीत, तर दहा वर्षांनी वाचणारे आणायचे कोठून?

लातूरने महाराष्ट्राला अभ्यासाचा एक पॅटर्न दिला. त्यात घोटून घेण्याची शिस्त आहे. पण याच भागात ‘गाईड’ आणि ‘अपेक्षित’ यांचाही खप मोठा. गाईडमधले उत्तर बरोबरच असते. ते उतरवून काढणारा विद्यार्थी मात्र प्रश्न जरासा फिरवला की अडतो. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रॅम हे फार हुशार गाईड आहे. त्याला बंदी घालून उपयोग नाही. मुले ते वापरणारच, आणि वापरावेही. पण आमच्या नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी एवढे करावे: तोंडी परीक्षेत मुलासमोर दुसऱ्याने किंवा यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम ठेवावा आणि म्हणावे, हा मला मराठीत समजावून सांग. यात चूक कुठे आहे ते दाखव. ज्याला हे जमेल, त्याला अजून पुष्कळ दिवस काम आहे.

सरकारनेही जनतेच्या कामाची कोणतीही नवी प्रणाली घेताना एक अट घालावी. ती कोणी लिहिली याहून, ती कोणी वाचली आहे आणि चुकीला कोण जबाबदार आहे, त्या माणसाचे पद आणि पत्ता दप्तरी लागावा.

यंत्रे लिहू लागली याचे भय मला कवी म्हणून वाटत नाही. जगात लिखाण कधीच कमी नव्हते. आपल्या जमिनींचा, जातींचा, नात्यांचा हिशेब एका लिपीत बंद करून आपण तिची किल्ली हरवली आणि पंच्याहत्तर वर्षांनी ती शोधत दारोदार फिरलो. दुसऱ्यांदा तसे फिरण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येऊ नये. त्यासाठी आजच्या लिपीचे वाचक आज तयार करायला हवेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)